आमची वाटचाल : दाबाखाली प्रेस किती उघडते?

भोसरी एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात काम सुरू केलं, तेव्हा लोक विचारायचे, "म्हणजे प्रेस रिपेअर करता का?" रिपेअर आम्ही करत नाही. पत्रा कापणारी-दाबणारी प्रेस किंवा धातू कातणारं लेथ लोडखाली किती वाकतं, ते मोजून देतो. त्याआधी १२ वर्षं मी टूलरूममध्ये डाय, म्हणजे प्रेसमध्ये लावायचे साचे, बनवत होतो. पंच, म्हणजे साच्याचा पत्र्यात घुसणारा भाग, तुटला की पहिला फोन डायवाल्यालाच जातो. ते बोलणं खाऊन खाऊनच या कामाकडे वळलो.

पॉवर प्रेसच्या पाटीवर टन लिहिलेले असतात. तेवढे टन आल्यावर फ्रेम किती ताणली जाईल, ते बहुतेक पाट्यांवर नसतं. सी-फ्रेम प्रेस पुढून मोकळी, त्यामुळे दाब आला की तिचा जबडा पुढच्या बाजूला थोडा उघडणारच. कारखान्यात रॅम (वर-खाली होणारा भाग) आणि बेड (खालचा स्थिर भाग) समांतर आहेत का ते डायल (सूक्ष्म हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) लावून बघतात, पण रिकाम्या मशीनवर. तिथे सगळं ठीकच दिसतं.

आम्ही रॅम बीडीसीला, म्हणजे सगळ्यात खालच्या टोकाला, आणतो, बोल्स्टरच्या (बेडवरच्या जाड प्लेटच्या) मधोमध हायड्रॉलिक जॅक आणि त्यावर दाब मोजणारा लोड सेल ठेवतो, चार कोपऱ्यांना डायल लावतो आणि पाच-पाच टनांनी दाब चढवत रीडिंग घेतो. सुरुवातीला काटा भराभर पळतो; ती बेअरिंगमधली आणि कनेक्टिंग रॉडच्या स्क्रूमधली ढिलाई. ती संपली की आलेख सरळ होतो. त्या सरळ रेषेचा चढ म्हणजे फ्रेमचा खरा ताठपणा. स्थिर लोडखालच्या या मोजणीसाठी जर्मनीचं डीआयएन ५५१८९ हे मानक आहे. आमच्या रिपोर्टचा साचा आम्ही त्यावरूनच बसवला.

एक काम अजून डोळ्यांसमोर आहे. ६३ टनी जुनी सी-फ्रेम प्रेस, १ मिमी पत्र्याचं ब्लँकिंग, म्हणजे पत्र्यातून आकार कापून काढणं. पार्टला एकाच बाजूला बर (कापलेल्या कडेची धारदार किनार) यायचा, पंचाच्या कडा उडायच्या. डाय दोनदा परत गेली होती. डायवाले मिस्त्री वयस्कर, बाजूला हाताची घडी घालून उभे. मला म्हणाले, "साहेब, क्लिअरन्स बरोबर आहे. मी तीनदा मोजलाय." खरंच होतं त्यांचं. अशा पत्र्याला एका बाजूचा क्लिअरन्स, म्हणजे पंच आणि डायमधली फट, जेमतेम ०.०५ मिमी असतो. डायचे दोन भाग सरळ रेषेत ठेवणारा डावा पिलर मात्र एका अंगाने घासून चकाकत होता.

१० टनांपासून ४० टनांपर्यंत उजवीकडचे डायल सरासरी ०.३४ मिमी सरकले, डावीकडचे ०.५८. पुढे-मागे फरक पडला असता तर मी सी-फ्रेमचा स्वभाव म्हटलं असतं. डावी-उजवी इतकी वेगळी निघते म्हणजे फ्रेममध्येच काहीतरी आहे. फ्रेमच्या डाव्या गालाच्या (बाजूच्या प्लेटच्या) आतल्या कोपऱ्यातला रंग खरवडला, तडे दाखवणारा लाल द्रव (डाय पेनिट्रंट) मारला. नंतर मारलेल्या डेव्हलपरच्या पांढऱ्या थरावर केसाएवढी लाल रेघ उमटली. फ्रेमला तडा होता. मिस्त्री वाकून ती रेघ बराच वेळ बघत राहिले. मालकांनी त्यांना तिथेच, सगळ्यांसमोर, "माफ करा काका" म्हटलं. त्या दिवशी बिलाचं मी बोललोच नाही.

मशीन टूलचं काम नंतर आलं. लेथवर दोन सेंटरमध्ये मँड्रेल, म्हणजे चाचणीचा दांडा, धरायचं, १०० किलोचा दाब द्यायचा आणि हेडस्टॉक (फिरवणारं टोक), मध्य, टेलस्टॉक (आधार देणारं टोक) अशा तीन ठिकाणी किती मायक्रॉन हलतं ते बघायचं. टेपर येतो, म्हणजे कातलेला तुकडा एका टोकाला जाड निघतो, म्हणून लोक ऑपरेटरला बोलतात. बऱ्याचदा टेलस्टॉकचा तळ बेडवर नीट बसलेला नसतो. स्क्रेपिंग केलं, म्हणजे तळ खरवडून सपाट बसवला, की फरक आकड्यात दिसतो.

आज आम्ही सहा जण आहोत. चाकण, सातपूर, शिरोली इथे जाणं असतं. नवी प्रेस बसली की पहिल्याच आठवड्यात तिचा आलेख काढून ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगतो. पाच वर्षांनी तक्रार आली तर ताडून बघायला काहीतरी हाताशी हवं. मोजून प्रेस चांगली निघाली तर तेही तसंच लिहून देतो आणि टूलरूमला पुन्हा डाय बघायला सांगतो. जुन्या सगळ्या प्रेसचे आलेख गाळ्यातल्या लोखंडी कपाटात फाइल करून ठेवलेत. त्या ६३ टनीचे दोन आहेत, फ्रेम बदलण्याआधीचा आणि नंतरचा.