लेओव्हरला ड्युटी बदलली की

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पायलट आहे म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो: लेओव्हरला, म्हणजे दोन उड्डाणांमध्ये दुसऱ्या शहरात हॉटेलवर असताना, अचानक ड्युटीची वेळ बदलली तर काय करता, चिडचिड होत नाही का? होते. पण आधी हिशेब करावा लागतो, आणि तो झोपेचा असतो.

लोकांना वाटतं, लवकर बोलावलं तर त्रास आणि उशीर झाला तर आराम. माझा अनुभव उलटा आहे. लवकर बोलवायला नियम आडवे येतात. युरोपात बेसबाहेरची, म्हणजे पायलटचं नेमणुकीचं शहर सोडून इतरत्र घ्यायची, विश्रांती आधीच्या ड्युटीइतकी किंवा १० तास, यांत जे जास्त असेल तेवढी द्यावीच लागते. अमेरिकेतही २०१४ पासून १० तास. त्याआधी ती ८ तासांपर्यंत कापता यायची, हॉटेलला जाण्यायेण्याचा वेळ त्यातच. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोलगन एअर कंपनीचं विमान कोसळून ५० माणसं गेली, तेव्हा कुठे पायलटच्या थकव्याकडे गंभीरपणे बघितलं गेलं.

उशिराचं तसं नाही. समजा, रात्री ११ चं उड्डाण आहे. दुपारी पडदे ओढून झोपले, ७ ला उठले, आवरलं, आणि निरोप आला: पाच तास उशीर. ड्युटी मोजतात ती रिपोर्टिंगपासून, म्हणजे कामावर हजर झाल्यापासून; म्हणजे कागदावर मी ताजीतवानी. प्रत्यक्षात टेकऑफ पहाटे ४ ला, शरीर सगळ्यात मंद असतं नेमकं तेव्हा. उड्डाण सहा तासांचं असेल तर विमान उतरवताना मला जागं होऊन पंधरा तास झालेले असतात. युरोपच्या नियमांत एक शहाणपण आहे: रिपोर्टिंग १० तास किंवा जास्त पुढे गेलं आणि मधे कुणी उठवलं नाही, तर तो वेळ विश्रांती म्हणून धरतात. त्यामुळे पाच तासांपेक्षा बारा तासांचा उशीर मला परवडतो. सरळ परत झोपता येतं. सगळ्यात वाईट तो तासातासाने सरकणारा उशीर. त्यात ना झोप, ना उड्डाण.

निरोप आला की नवी वेळ यूटीसीत (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत) लिहून घेते, कारण स्थानिक वेळेत घोळ होतो. मग उतरण्याच्या वेळेपासून उलटं मोजते. कॉफी बंद, फोन सायलेंटवर (ड्युटी लावणाऱ्या शेड्यूलिंग विभागाचा नंबर सोडून), दोन गजर, आणि तासदीड तास मिळाला तरी पडून घ्यायचं. सोबतच्या पायलटला विचारते, झोपलायस का? त्याच्या उत्तरावर माझीही रात्र अवलंबून असते. लेओव्हरला जेवताना दारूला मी हातच लावत नाही. अमेरिकेत दारू आणि ड्युटी यांत किमान ८ तासांचं अंतर लागतं, आणि उड्डाण कधी अलीकडे येईल याचा नेम नसतो.

झोप लागलीच नाही तर ‘फटीग’ कळवायचं, म्हणजे थकव्यामुळे उड्डाण करू शकत नाही असं सांगायचं. अमेरिकेत प्रत्येक उड्डाणाआधी मी ड्युटीसाठी तंदुरुस्त आहे असं पायलटला स्वतः सांगावं लागतं. सांगायला सोपं वाटतं, पण समोर ताटकळलेले प्रवासी दिसत असताना ‘नाही’ म्हणणं जड जातं. तरी म्हणायचं.

शेड्यूलिंगवाल्याशी मी भांडत नाही. त्याच्यापुढे त्या वेळी माझ्यासारखी डझनभर माणसं आणि अडकलेली विमानं असतात. एवढंच विचारते, ही वेळ पक्की का? ‘सांगता येत नाही’ म्हणाला तर उलट बरं वाटतं, निदान खरं बोलतोय.