सेंटर लॉकनं मला भर उन्हात उभं केलं

मे महिन्यातली दुपार. सोलापूरच्या नवी पेठेत शेंगाचटणी घ्यायला उतरलो. दोन मिनिटांचं काम, म्हणून किल्ली गाडीतच लटकत ठेवली आणि दार ओढून घेतलं. वळतोय तोवर 'खट'. चारही दारं लॉक! रिमोट किल्लीच्याच जुडग्यात, म्हणजे तोही आत. पोरगी जुळे सोलापूरहून स्कूटीवर दुसरी किल्ली घेऊन येईपर्यंत ४० मिनिटं दुकानाच्या पायरीवर बसून काढली. आल्या आल्या तिनं विचारलं, "बाबा, चटणी तरी घेतली का?" घेतली नव्हती. पाकीटही आतच होतं.

खरं तर महिनाभर गाडी सांगत होती. ड्रायव्हरच्या दाराला किल्ली फिरवली की तेवढंच दार बंद व्हायचं, बाकीची तीन ढिम्म. रिमोटनं मात्र चारही व्हायची, म्हणून मी दुर्लक्ष केलं. गाडी जुनी, बेस मॉडेल. सेंटर लॉक आधीच्या मालकानं बाहेरून बसवून घेतलेलं.

एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो, तर गाडीकडे न बघताच उत्तर मिळालं, दारं लॉक करणाऱ्या चारही मोटरी बदला. मला पटेना. शेवटी अशोक चौकाकडच्या एका वायरमन मामांकडे गाडी नेली. त्यांनी एकच प्रश्न केला, "रिमोटनं चारी दारं हलतात ना?"

"हलतात."

"मग मोटरीला कशाला दोष देताय की! बसा."

टेबलावर एक जुनी, उघडलेली मोटर पडली होती. ती हातात देऊन त्यांनी सगळी गंमत दाखवली. आत खेळण्यातल्या गाडीत असते तेवढीच मोटर, प्लास्टिकची दातेरी चाकं आणि पुढेमागे सरकणारा दांडा. हा दांडा सळईनं दाराच्या लॉकला जोडलेला. १२ व्होल्ट एका बाजूनं दिले की दांडा पुढे, त्याच दोन तारा उलट्या केल्या की मागे. करंटही क्षणभरच लागतो, झटका दिला की काम संपलं. मी इतकी वर्षं समजत होतो की आत चुंबक-बिंबक काहीतरी भारी यंत्र असणार.

मागच्या दारांच्या मोटरींना दोनच वायरी. ड्रायव्हरच्या मोटरीला मात्र पाच. दोन चालवायच्या, उरलेल्या तीन बारीक वायरी सांगकाम्या. आपण किल्लीनं किंवा हातानं ते लॉक हलवलं की मोटरीच्या आतला स्विच फिरतो, तो डॅशबोर्डखालच्या डबीला कळवतो, आणि डबी बाकीच्या दारांना करंट सोडते. रिमोटचा निरोप थेट डबीला जातो. म्हणून माझ्या गाडीत रिमोट चालत होता आणि किल्ली नाही. मोटरी धडधाकट होत्या, अडला होता तो निरोप.

कुठे अडला, ते शोधायला मामांनी दाराचं आतलं पॅडही उघडलं नाही. दार पूर्ण उघडून लॉक वरखाली केलं, बाकीची दारं हलली! दार अर्धवट ओढून तेच केलं, काही नाही. "बघा, इथंच आहे," म्हणून त्यांनी दार आणि खांब यांच्यामधली काळी रबरी नळी ओढून काढली. दर वेळी दार उघडताना-लावताना आतल्या वायरी तिथंच वाकतात. आमच्या गाडीतली एक बारीक वायर तुटली होती. दुसरीचं वरचं प्लास्टिक सोलून तांबं उघडं पडलेलं. ते पत्र्याला टेकलं की डबीला वाटायचं, मालकानंच लॉक दाबलं. नवी पेठेतला 'खट' तिथून आला होता.

दुरुस्तीत मला एक गोष्ट विशेष आवडली. तुटलेली टोकं मामांनी जागच्या जागी पिळून जोडली नाहीत. "वाकायच्या जागी जोड दिला तर परत तुटणार." नवी, जास्त तारांची मऊ वायर त्यांनी नळीतून अखंड ओवली. एक जोड दारात, दुसरा खांबाच्या आत, दोन्ही डाग देऊन. वर टेपऐवजी तापवून आवळणारी नळी, कारण आपल्याकडच्या उन्हात टेपचा चिकट रस गळतो आणि तो सुटतो. दोन्ही वायरी मिळून तासभर आणि ३५० रुपये.

आता किल्ली फिरवली की चारही दारं एकदम. म्हणजे जवळजवळ एकदम. मागचं डावं अर्धा क्षण रेंगाळतं आणि घरघरतं. मामा म्हणाले, "त्याचे दाते झिजलेत. आवाज येतोय पण लॉक हलत नाही असं झालं, की या. तेव्हा बदलू मोटर, एकच."

दुसरी किल्ली मात्र आता कपाटात नसते, माझ्या खिशात असते.