सध्याचा पत्ता

परवा सरांचा मेसेज आला. संशोधनाचा पेपर स्वीकारला, प्रूफं आलीत, तुझ्या नावापुढे कुठला पत्ता घालू? एवढंच. अजून उत्तर दिलेलं नाही.

रीत मला ठाऊक आहे. काम जिथं झालं तो पत्ता वर, नावावर चांदणी, आणि खाली बारीक अक्षरांत 'सध्याचा पत्ता'. कितीजणांच्या नावांवर मीच अशा चांदण्या मारल्यात. कुणी जर्मनीला गेलेलं, कुणी पुण्याला. पण ते सगळे एका प्रयोगशाळेतून दुसरीत गेले. दोना पावलाच्या प्रयोगशाळेखाली पर्वरीचं सचिवालय, म्हणजे माझी आताची सरकारी नोकरी? नावामागे कै. लावल्यासारखं दिसेल.

आई म्हणते, पगार वेळेवर येतो ना? येतो. तिच्या लेखी विषय संपला. माझ्या बॅचचे बाकीचे... जाऊ दे.

चांदणीचं एवढं का लागावं? मांडवीची क्षारता मोजत होते तेव्हा प्रत्येक सेमिनारला कुणीतरी हात वर करायचंच: कशावरून? वैताग यायचा. आता बैठकीत विचारतात, कधीपर्यंत? 'कशावरून' कुणी विचारत नाही. पाणी खारट आहे म्हटलं की माना हलतात. सुरुवातीला बरं वाटलं. आता धास्ती वाटते. उद्या मी काहीही ठोकून दिलं तरी खपेल. आणि मग त्या चांदणीखालची बाई नक्की कोण?

टेबलावर खाजनाची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीची, फाइल आहे. मानशीचं, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेचं, दार मोडलं, भरतीचं पाणी आत शिरलं, बांधाला भगदाड. कोरगुट हे इथलं भाताचं वाण मीठ सोसतं, पण तेही किती सोसणार? शेत पडीक राहिलं आणि त्यात कांदळ उगवलं. शेती हवी तर ते काढायला हवं, आणि त्याला हात लावायला परवानगी नाही. २०११च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे. खाजनाचे नकाशे करा, तिथली कांदळवनं जपा, खाजनासाठी व्यवस्थापन आराखडा करा. शेतातच कांदळ आलं तर काय, ते ज्याच्या टेबलावर फाइल पडेल त्यानं बघायचं. पूर्वी मी यावर झकास पेपर लिहिला असता आणि 'अधिक अभ्यासाची गरज आहे' म्हणून मोकळी झाले असते. इथं त्या ओळीखाली सही केली तर फाइल संध्याकाळच्या आत परत येते.

सरांना कळवीन, काम जिथं झालं तोच पत्ता घाला. चांदणीचं बघू.

सोमवारी मानशीची पाहणी. पत्रात वेळ लिहिली होती सकाळी अकरा! अमावास्येची भरती, अकराला तिथं नुसतं पाणी दिसणार. मी कोष्टक काढून साडेसहा सांगितलं. अवर सचिवांनी चष्मा काढला. म्हणाले, "संध्याकाळी नाही का होत ओहोटी?"

"होते सर. सातच्या सुमाराला. टॉर्च लागतील."

त्यांनी कोष्टक स्वतःकडे ओढलं, बोट ठेवून ओळ वाचली, मागची तारीखही तपासली. मग वेळ बदलली. ड्रायव्हर तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. त्या वाटेवर सकाळी सहाला चहा कुठं मिळतो ते तेवढं कुणाला तरी विचारायला हवं.