कानाखालची गाठ आणि रिपोर्टातला लाल बाण

निपाणीत तंबाखूच्या वखारीत उभा जन्म गेला, बिडी काही सुटली नाही. त्यामुळे उजव्या कानाच्या पाळीखाली सुपारीएवढी गाठ हाताला लागली तेव्हा घरात सगळ्यांच्या मनात एकच नाव आलं, पण तोंडातून कुणी काढलं नाही. गाठ दुखत नव्हती, बोटाखाली हलत होती. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "गालफुगी असंल, लेप लावा." साठी उलटल्यावर कसली गालफुगी!

पुतण्या पुण्यात असतो. त्यानं मोबाईलवरून 'कॅन्सर मार्कर'चं, म्हणजे रक्तात कॅन्सरच्या खुणा शोधणाऱ्या तपासण्यांचं पॅकेज बुक केलं आणि लॅबचा पोरगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. रिपोर्टात त्यातली सीए १९-९ ही खूण ठीक, पण सीईए ही दुसरी ४.२ आणि त्याच्यासमोर लाल बाण. त्या बाणानं झोप उडवली.

बेळगावला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी गाठ चाचपली. मग डोळे घट्ट मिटायला, गाल फुगवायला, दात दाखवायला लावलं. गाठ पॅरोटिडमध्ये होती. पॅरोटिड म्हणजे कानापुढची लाळेची ग्रंथी, आणि चेहरा हलवणारी नस तिच्यातूनच जाते. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, गाठ झपाट्यानं वाढली किंवा घट्ट चिकटून बसली, तर काळजी जास्त. माझं तसलं काही नव्हतं.

पण माझं मन बाणातच. मी रिपोर्ट परत पुढं सरकवला.

"काका, बिडी ओढता न्हवं?" बाई म्हणाल्या. "ओढणाऱ्याचं सीईए पाचपर्यंत असू शकतं. लॅबनं तुम्हाला न ओढणाऱ्याची तीनची रेघ लावलीय. हा आकडा आम्ही मुख्यतः आतड्याच्या कॅन्सरच्या पेशंटवर नजर ठेवायला वापरतो. लाळेच्या ग्रंथीची गाठ ओळखायला भरवशाची रक्ततपासणी अजून नाहीच."

गाठीतून रक्तात उतरणारे डीएनएचे तुकडे, मायक्रोआरएनए नावाचे बारीक रेणू यांच्यावर संशोधन चाललंय, पण निदान त्यावर होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. दोन्हीकडच्या ग्रंथी सुजल्या, तोंड-डोळे कोरडे पडले, तर मात्र रक्त उपयोगी पडतं. तेव्हा शोग्रेन नावाच्या कोरडेपणाच्या आजारासाठी अँटी-रो बघतात, कधी आयजीजी-४ बघतात; दोन्ही रक्तातली प्रतिपिंडं. ते गाठीचे मार्कर नव्हेत, वेगळ्या दुखण्याचे.

मग सोनोग्राफी, आणि नंतर सुईची तपासणी, एफएनएसी. नावानंच घाम फुटला होता. प्रत्यक्षात इंजेक्शनएवढं दुखलं. सुईनं गाठ पसरते असं गावात सगळे सांगत होते. त्या बारीक सुईनं तसं होण्याची भीती नसल्यातच जमा, असं बाई म्हणाल्या. सिरिंजमध्ये तपकिरी, गढूळ पाणी आलं.

रिपोर्ट आला: वॉर्थिन ट्यूमर. साधी गाठ, बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांत जास्त दिसणारी, कधी दोन्ही बाजूंना होणारी. तिचा कॅन्सर होणं फारच विरळा. म्हणजे लाल बाणही बिडीचा आणि गाठही बिडीचीच! पॅरोटिडच्या दहातल्या साधारण आठ गाठी साध्याच असतात म्हणे. त्यात सगळ्यांत जास्त आढळते ती प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा. ती असती तर ऑपरेशन करा असंच सांगितलं असतं, कारण वर्षानुवर्षं ठेवली तर ती बिघडून तिचा कॅन्सर होऊ शकतो.

बायको म्हणाली, "अहो, काढूनच टाका की." काढायची तर पूर्ण भूल, नस जपत कापायचं. नंतर कानाची पाळी बधिर होऊ शकते, काहींना जेवताना गालावर घाम येतो. वॉर्थिनला नुसती नजर ठेवलेलीही चालते म्हटल्यावर मी थांबायचं ठरवलं. ठरावीक काळानं सोनोग्राफी, आणि वाढली, दुखली, तोंड वाकडं वाटलं तर लगेच यायचं. सुईनं काढलेल्या पेशींच्या काचा, म्हणजे स्लाइडी, मात्र मागून घेतल्यात. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायची वेळ आली तर नुसत्या कागदावर भागत नाही.

पुतण्यानं परवा 'फुल बॉडी'चं पॅकेज पाठवलंय. त्याला सांगितलं, त्या पैशात माझी पुढची सोनोग्राफी होते.