पाणी ओसरल्यावरची पाहणी

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. पाणी ४० च्या खाली आलं की बातम्या थांबतात. काठ ढासळायला सुरुवात होते ती त्यानंतर.

पलूस तालुक्यातल्या एका वळणावर पाहणीला गेलो तेव्हा नदी जवळपास पात्रात परतली होती. मळीचं, म्हणजे नदीकाठच्या गाळाचं रान, काठाला भिडलेला ऊस. पाण्यापासून काठाची उंची २२ फूट भरली. वरची १२-१३ फूट काळी चिकण माती, तिच्याखाली दीड-दोन फुटांचा वाळूचा पट्टा, मग पिवळट गाळ. वाळूच्या पट्ट्यातून पाणी झिरपत होतं आणि ते गढूळ होतं. नितळ पाझराचं एक वेळ चालतं. गढूळ म्हणजे आतली वाळू निघून चाललीय.

काठापासून ७ फूट आत, नदीला समांतर भेग. दहा वाजता भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून अंतर मोजलं, २ फूट. दीडला तेच २ फूट ३ इंच.

"पाणी उतरलं की सायेब, आता कसलं भ्या?" रानमालकाचा प्रश्न.

पुरात काठ पाणी पिऊन जड होतो, पण समोरून नदीच त्याला टेकू देते. धरणाचा विसर्ग घटला की नदी झपाट्यानं उतरते. चिकण मातीत मुरलेलं पाणी तितक्या लवकर निघत नाही. वजन तसंच राहतं, टेकू निघून जातो. त्यात वळणाच्या बाहेरच्या अंगाला प्रवाहाचा मारा जास्त, त्यामुळे पायथा आधीच खाल्लेला. काठ जितका उंच, निदान तितकं मागं उभं राहायचं, म्हणून सगळ्यांना २५ फूट मागं घेतलं.

अडीचच्या सुमारास तीसेक फूट लांबीचा तुकडा बसला. आवाज फारसा नाही. ऊस उभ्याचा उभा खाली गेला, मग आडवा झाला.

ताज्या कड्यात मोटरीच्या पाइपाचा गळका सांधा उघडा पडला. भोवतालची माती लोण्यासारखी. भेगेत पाणी नुसतं पुराचं नव्हतं तर. पायथ्याला विटांसाठी माती काढल्याचे खड्डेही दिसले. आपल्याच काठाच्या बुडातून माती काढायची आणि नदीला नावं ठेवायची, हे या पट्ट्यात नवीन नाही.

वरून दगडाच्या ट्रॉल्या ओतायचा बेत मोडून काढला. दगडानं माथ्यावरचं वजनच वाढतं. काम पायथ्यापासून, तेही उन्हाळ्यात पाणी सर्वांत खाली असताना: तळाच्या खाली खोदून जाळीतल्या दगडांची पेटी बसवायची, दगड जाळीच्या भोकापेक्षा मोठाच हवा. पेटीमागं गाळणीचं कापड, नाहीतर माती दगडांतून वाहून जाते आणि पेटी खचते. वरचा काठ दीडास एक उतारानं (दीड फूट आडवं, एक फूट उभं) कापायचा, त्यावर वाळ्याचं गवत. पाण्यालगत वाळुंज, करंज ही झाडं. उसाची मुळं वरवरची, ती काठ धरत नाहीत.

तूर्तास तीन कामं सांगितली. उरलेल्या भेगा चिकण मातीनं ठासायच्या, काठालगतच्या सऱ्यांना पाटपाणी बंद, सांधा बदलल्याशिवाय मोटर सुरू करायची नाही. गेलेल्या जमिनीचा पंचनामा तलाठ्याकडून वेगळा.

निघताना नव्या कड्यामागं पुन्हा खुंट्या ठोकल्या. रोज सकाळी माप घ्यायचं, अंतर एक बोट वाढलं तरी फोन करायचा.