आपल्याकडे बघणारा ढोल

गाणं लावून नाचण्यात एक मोठी सोय असते: गाण्याला आपली पर्वा नसते. आपण दमलो, पाणी प्यायला गेलो, मधेच फोन घेतला, तरी ते आपलं वाजत राहतं आणि वेळ झाली की संपतं. पश्चिम आफ्रिकेतले नाच शिकायला लागल्यापासून माझी ही सोय गेली. अमेरिकेतल्या ओकलंडच्या आमच्या वर्गात भिंतीला टेकून वादक बसलेले असतात आणि त्यांतला एक सतत आपल्या पायांकडे बघत असतो.

तो जेंबेवाला. जेंबे म्हणजे एकाच खोडातून कोरलेलं, वर रुंद आणि खाली निमुळतं वाद्य. तोंडावर बकरीचं कातडं, दोरांनी ताणलेलं. धुकट संध्याकाळी कातडं सैल पडतं, म्हणून तो लवकर येऊन दोर आवळत बसतो. तिकडे पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात हेच काम शेकोटीवर भागतं. शेजारी तीन दुनुन, गाईच्या कातड्याचे आडवे ढोल: थोरला दुंदुंबा, मधला सांगबान, धाकटा केंकेनी. वाजवणाऱ्याचा एक हात ढोलावर टिपरू मारतो, दुसरा वर बांधलेल्या लोखंडी घंटेवर. नवख्याचा कान हमखास जेंबेच्या कडकडाटाकडे धावतो, पण तालाची खरी चाल या तिघांच्या बोलण्यात असते. पाय लावायचे ते सांगबानला.

आमच्या बाई पाऊल करून दाखवतात, आकडे मोजत नाहीत. मोजायची गरजच नसते. जेंबेवाला एक ठरलेला बोल वाजवतो, त्याला सगळे ‘ब्रेक’ म्हणतात. तोच बोल सुरुवात करा म्हणतो, तोच पाऊल बदला म्हणतो आणि तोच थांबा म्हणतो. सगळी गंमत इथेच आहे. कारण तो बोल कधी टाकायचा हे त्याच्या हातात. ओळ जमून आली असेल तर तो तेच पाऊल लांबवतो. मागची रांग धापा टाकायला लागली की लगेच सोडवतो. कधी मुद्दाम सोडवत नाही आणि वर हसतो.

कासा शिकताना हे फार जाणवलं. कासा हा गिनी-मालीकडच्या मालिंके लोकांचा शेतीचा, कापणीचा ताल. ढोलवाले शेतावर जायचे आणि राबणाऱ्यांसाठी वाजवायचे. गुडघे सैल, पाठ वाकलेली, हात जमिनीकडे. बघायला सोपं, मांड्यांना विचारा! शेवटी जेंबेवाला लय चढवत नेतो, तेव्हा शेत किती मोठं असेल याचा अंदाज येतो.

आता ‘पारंपरिक’ म्हणताना मी जरा अडखळते. रांगेत उभं राहून समोर तोंड करून नाचणं ही गावातली रीत नव्हे, ती रंगमंचाची. गिनीचे लेखक-नर्तक फोदेबा केइता यांनी पॅरिसमध्ये ‘ले बाले आफ्रिकॅं’ हा संच उभा केला. 1958 साली गिनी स्वतंत्र झाल्यावर तो देशाचा राष्ट्रीय संच झाला. गावोगावचे नाच एकत्र बांधून त्यांनी जगभर नेले, आणि वर्गात शिकवायची पद्धतही बरीचशी तिथूनच आली. गावात असतं ते रिंगण. एक जण आत येतो, नाचतो आणि जेंबेवाला त्याची पावलं हातांनी उचलतो. लावणीत ढोलकीवाला जसा नाचणारीच्या पायांवर डोळा ठेवून थाप देतो, तसंच.

वादकांना बिदागी द्यायची म्हणजे वर्ग महाग होतो. म्हणून हल्ली काही ठिकाणी स्पीकरवर भागवतात. मला ते पटत नाही. व्यायाम होईल, घाम येईल, पण मग झुंबाच काय वाईट?

आमचा वर्ग संपताना रिंगण होतं. तरुण मंडळी उंच उड्या मारून घेतात. मग सत्तरी ओलांडलेल्या एक सेनेगली आजी आत येतात. उडी नाही, काही नाही. नुसता खांदा, मग टाच. जेंबेवाला पुढे वाकून त्यांच्या टाचेवर नजर रोवतो. त्या अचानक जागच्या जागी थिजतात, त्याचा हातही हवेत थांबतो आणि सगळे ओरडतात. मग आम्ही सगळे वादकांसमोर जाऊन जमिनीला हात लावून छातीला लावतो. आजीही लावतात. आणि चपला शोधता शोधता त्याला ऐकवतात, “आज हात जड होता रे तुझा.”