बोटीत बसण्याआधी अथेन्समध्ये दोन दिवस

आमची क्रूझ पिरेअस बंदरातून शुक्रवारी संध्याकाळी सुटणार होती आणि आम्ही मंगळवारी रात्रीच अथेन्सला पोचलो. "आई, इतकं आधी जाऊन काय करणार?" असं लेक म्हणत होती. पण विमान बदलताना आमची एक बॅग मागे राहिली, ती हॉटेलवर आली गुरुवारी दुपारी. ह्यांच्या बीपीच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये होत्या म्हणून निभावलं. बोट कुणासाठी थांबत नाही, तेव्हा दोन पूर्ण दिवस हाताशी ठेवाच. औषधं आणि कपड्यांचा एक जोड जवळच्या बॅगेत असू द्या.

व्हिसाचंही आधीच बघा. आमची बोट मध्ये तुर्कस्तानात कुशादासीला थांबून परत ग्रीसला येणार होती. अशा वेळी शेंगेनचा (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) सिंगल एन्ट्री व्हिसा पुरत नाही, मल्टिपल एन्ट्रीच मागा.

विमानतळावरून मेट्रोची निळी लाइन थेट सिंटाग्मा चौकात आणते, तिकीट ९ युरो. तिथे लाल लाइन पकडली की पुढचंच स्टेशन अ‍ॅक्रोपोली. राहायला हाच भाग घ्या, बहुतेक सगळं पायी होतं. मेट्रोत गर्दी असली की पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

अ‍ॅक्रोपोलिस म्हणजे प्राचीन देवळांची टेकडी. तिचं तिकीट ऑनलाइन काढताना वेळ निवडावी लागते. २०२५ पासून ते ३० युरो झालंय. सकाळी आठचीच वेळ घ्या आणि अ‍ॅक्रोपोलिस म्युझियमजवळच्या दक्षिणेकडच्या दाराने चढा. ऑक्टोबर असूनही दहानंतर ऊन चटके देत होतं, आणि वर सावली जवळजवळ नाहीच. दगड लोकांच्या पावलांनी इतके गुळगुळीत झालेत की कोरडे असतानाही पाय सटकतो. चांगल्या पकडीचे बूट घाला, चपला नकोत. वरचं मुख्य देऊळ पार्थेनॉन इसवी सनापूर्वी ४४७ ते ४३२ या काळात बांधलं. १६८७ साली आत तुर्कांचा दारूगोळा होता, त्यावर व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा पडला आणि मधला भाग उडाला. ते भगदाड डोळ्यांनी बघताना गलबलून येतं.

उन्हाची वेळ म्युझियममध्ये काढा. माझं मन रमलं ते तिथेच. टेकडीवरच्या दुसऱ्या एका देवळाचं छत डोक्यावर पेलणाऱ्या सहा दगडी स्त्रियांपैकी पाच इथे आहेत. सहावी लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये. तिची जागा रिकामी ठेवलीय. सगळे समोरून फोटो काढून पुढे जातात, तुम्ही मागे जाऊन उभे राहा. प्रत्येकीच्या पाठीवर जाड, घट्ट विणलेली वेणी आहे. माझी आजी घालून द्यायची तशी! मी तिथे पंधरा मिनिटं तरी हलले नसेन. वरच्या मजल्यावर पार्थेनॉनची शिल्पपट्टी आहे. त्यातले पांढरेफटक तुकडे म्हणजे परदेशी गेलेल्या मूळ शिल्पांच्या प्लास्टरमधल्या प्रतिकृती. त्या लगेच ओळखू येतात.

शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. 'गेमिस्ता' म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, 'गिगांतेस' म्हणजे टपोरा पांढरा घेवडा, आणि पालकाची 'स्पानाकोपिता'. काही ठिकाणी गेमिस्तात खिमा घालतात, तेवढं विचारून घ्या. सकाळी रस्त्यावर तीळ लावलेलं 'कुलूरी' मिळतं, त्यावर आमचा नाश्ता व्हायचा.

एक गंमत सांगते. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो, आणि 'ओही' म्हणजे नाही. पहिल्या दिवशी वेटर 'ने, ने' म्हणाला आणि गेमिस्ता संपलं असं समजून आम्ही उठायलाच निघालो होतो.

अनाफिओटिका ही टेकडीच्या कुशीतली पांढऱ्या घरांची वस्ती अनाफी बेटावरच्या गवंड्यांनी वसवलीय. ती संध्याकाळी बघा, पण हळू आवाजात. तिथे लोक राहतात. सिंटाग्मावर पहारेकऱ्यांची अदलाबदल दर तासाला होते, मोठा सोहळा रविवारी सकाळी ११ला.

बंदरावर जाताना मात्र टॅक्सीच करा. पिरेअस अवाढव्य आहे. बेटांच्या फेरीबोटी आणि क्रूझ यांचे धक्के वेगवेगळे, आणि मेट्रोतून उतरून बॅगा ओढत बरंच चालावं लागतं. टॅक्सीवाल्याने "क्रूझ?" विचारलं, तेव्हा हे आत्मविश्वासाने म्हणाले, "ने!"